बाहुलीची चाल



बोलायला सुरुवात करण्याआधी एक वस्तू दाखवतो. हा टॉवेल. सोलापुरातलाच, आज सकाळी बाजारात घेतलेला. याच्या एका टोकाला मी अशी मोसंब्याएवढी गाठ मारतो. गाठीला नाक नाही, डोळे नाहीत. मागून दोन बोटं आत सारतो. बाकीचा टॉवेल हाताखाली लोंबतो आहे. आता हात जोरजोरात हलवतो. मागे बसलेल्यांना दिसतंय ना? काय दिसतं? एक माणूस टॉवेल झटकतो आहे, एवढंच.

आता थांबतो. गाठ किंचित पुढे झुकवतो. अगदी हळू, अर्धा इंच वर. जरा थांबून खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

सभागृह शांत झालं. तिसऱ्या रांगेतून एक लहान आवाज आला, 'झोपलंय ते.' बरोबर ओळखलंस, बाळ. टॉवेल 'तो' होता, दोन मिनिटांत 'ते' झालं. कुणाचं तरी पिल्लू झालं. मघाशी एवढा हात झटकला तेव्हा काही घडलं नाही आणि अर्ध्या इंचात घडलं. हे कशामुळे, यावरच आज बोलायचं आहे.

आपल्या भाषेत एक फार मोलाचा शब्द आहे, चाल. माणसाची चाल असते, घोड्याची असते, बुद्धिबळातली असते. आणि गाण्याचीही चाल असते. पदाला आपण चाल लावतो. पाय टाकण्याची ढब आणि सूर-तालाची बांधणी या दोन्हींना मराठीने एकच शब्द दिला. बाहुलीच्या खेळाला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो. आणि 'हालचाल' हा शब्दही जरा सोडवून बघा. त्यात हालणं वेगळं आहे, चालणं वेगळं आहे. दोरीवर वाळत घातलेला सदरा वाऱ्याने हालतो. रात्रभर हालला तरी तो चालत नाही. बाहुली चालते. हालण्यापासून चालण्यापर्यंतचा जो पल्ला आहे, तिथे बाहुली चालवणाऱ्याचं सगळं आयुष्य जातं.

पण आधी एक गैरसमज बाजूला करू. 'कळसूत्री बाहुली' हे शब्द आपण हल्ली कुठे ऐकतो? बाहुल्यांच्या खेळाच्या संदर्भात क्वचितच. निवडणुका आल्या की ऐकतो. अमका पुढारी तमक्याच्या हातातली कळसूत्री बाहुली आहे. म्हणजे काय, तर त्याला स्वतःचं काही नाही, वरचा ओढेल तसा तो नाचतो. या शब्दाची ही दशा बघून मला मनापासून वाईट वाटतं. ज्याने एकदा दोरी हातात धरली आहे, तो असं कधीच म्हणणार नाही. दोरी ओढली की बाहुली ऐकते, असं होत नाही हो! तिचं लाकूड जड असतं, तिचा सांधा थोडा आखडलेला असतो, तिचा डावा हात उजव्यापेक्षा उशिरा येतो. चालवणाऱ्याला ते सगळं सांभाळून घ्यावं लागतं. कोण कुणाला चालवतं, हा प्रश्न तिथे खरोखर उभा राहतो.

ज्ञानेश्वरीत बाहुलीसाठी 'सायखडे' हा शब्द येतो. म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला दोरीवरचा हा खेळ इतका ओळखीचा होता, की जीव आणि ईश्वर यांचं नातं सांगायला त्याचा दृष्टान्त देता येत होता. संस्कृत नाटकातला 'सूत्रधार' हा शब्दच मुळात बाहुल्यांच्या दोरीवरून आला, असं रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० साली मांडलं. ते सगळ्यांना पटलं नाही आणि आज आपल्याला त्या वादात शिरायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की, दोरी हा आपल्याकडे कमीपणाचा शब्द कधीच नव्हता.

आता चालीकडे येऊ. चालीत पहिलं काय लागतं? वजन.

१८१० साली क्लाइस्ट नावाच्या जर्मन लेखकाने बर्लिनमध्ये बाहुल्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात एक नर्तक सांगतो की, बाहुलीचा एकेक अवयव वेगवेगळा हलवायचा नसतो. प्रत्येक बाहुलीच्या आत वजनाचा एक मध्य असतो. तो मध्य नीट सरकवा; हातपाय लंबकासारखे आपोआप मागून येतात. दोनशे वर्षांपूर्वीचं हे म्हणणं मी शाळेतल्या मुलांबरोबर रोज खरं होताना बघतो. नवीन मूल दोरी हातात आली की वर वर ओढतं. बाहुलीचे पाय जमिनीपासून चार बोटं वर, आणि ती तरंगत निघते. मुलाला वाटतं, चालली. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी तिला उचलून नेतंय. मग मी म्हणतो, दोरी सैल सोड. ते घाबरतं, कारण सैल सोडली की बाहुली कोसळते. ताणली की लटकते, सोडली की कोसळते. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे बाहुली स्वतःच्या पायांवर उभी आहे असं वाटतं. ती जागा शब्दांत सांगता येत नाही. मनगटाला कळते.

सोलापूरकरांना हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला मानकरी नंदीध्वजाची उंच काठी पेलतो. आधी कित्येक दिवस सराव चालतो. त्या सरावात काय शिकतात? ताकद लागतेच, पण नुसत्या ताकदीने काठी पेलत नाही. ती कलली की तिला जोर लावून सरळ करायला गेलात तर ती उलट्या बाजूला जाते. ती जिकडे कलते तिकडे पेलणाऱ्याचं पाऊल जातं, तो तिच्याखाली जाऊन उभा राहतो. गर्दीतून बघताना वाटतं, माणूस काठी नेतो आहे. थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघा, मग वाटतं काठीच त्याला नेते आहे. बाहुलीचं अगदी हेच आहे. फरक इतकाच की काठीचं वजन खाली हातात येतं आणि बाहुलीचं वजन दोरीने वर बोटात येतं.

वजन आलं की पाय लागतातच असं नाही, ही मला या कलेतली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. राजस्थानची कठपुतळी घ्या. डोकं लाकडाचं, खाली घोळदार घागरा, आत पाय नाहीत. बहुतेक वेळा एकच दोरी डोक्यापासून निघते, नाचवणाऱ्याच्या हातावरून येते आणि बाहुलीच्या कमरेला जाते. एवढ्या सामग्रीवर ती गिरकी घेते, लवून मुजरा करते, रुसून पाठ फिरवते. ओडिशाच्या दोरीच्या बाहुल्यांनाही पाय नसतात. जपानच्या बुनराकूमध्ये एका बाहुलीला तीन माणसं चालवतात. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात बघतो, दुसरा डावा हात, तिसरा फक्त पाय. नुसते पाय चालवण्यात दहा वर्षं जातात, असं तिथे सांगतात. आणि गंमत अशी की, तिथल्या स्त्री-बाहुल्यांना बहुधा पायच नसतात. पाय चालवणारा झग्याचा काठ आतून मुठीत धरतो आणि गुडघा पुढे आल्यासारखा कापडाला उठाव देतो. प्रेक्षकाला बाई चालताना दिसते, बसताना दिसते, गुडघे टेकून रडताना दिसते. पाय कुणी दिले तिला? तुम्ही दिले. बघणाऱ्याने दिले. कापडाच्या काठाने फक्त खूण केली.

चालीत दुसरं लागतं ते बघणं. बाहुलीचे डोळे रंगवलेले असोत की नसोत, मान वळली की ती बघते. यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ साली अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला आणि रामदास पाध्ये यांनी त्याला घराघरांत नेलं. शब्दभ्रमकार म्हटलं की लोकांचं लक्ष ओठांकडे जातं. ओठ न हलवता बोलतात कसे, याचंच कौतुक होतं. ते कौतुक योग्यच आहे. पण पुढच्या वेळी एक करून बघा. रामदासजी स्वतः बोलत असतात तेव्हा अर्धवटरावांकडे बघा. बोलणाऱ्याकडे वळलेली मान, मधेच प्रेक्षकांकडे टाकलेला कटाक्ष, 'काय बोलतोय हा' असा झालेला चेहरा. बाहुल्याचा चेहरा बदलतो कसा? बदलत नाही. मान दोन अंश वळते, आणि आपण त्या चेहऱ्यावर भाव वाचतो. बाहुली बोलते तेव्हा ती फसवीही वाटू शकेल, पण ती ऐकते तेव्हा आपला पूर्ण विश्वास बसतो. ऐकणं ही सगळ्यांत अवघड हालचाल आहे. रंगभूमीवरच्या माणसांसाठीही तीच अवघड आहे, इथे बसलेली नटमंडळी मान डोलावत आहेत!

आणि तिसरं म्हणजे थांबणं. 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ साली आला. या सभागृहातल्या चाळिशीतल्या किती जणांची झोप तात्या विंचूने उडवली असेल! तो बाहुला रामदास पाध्ये यांचाच. तो अंगावर धावून येतो तेव्हा भीती वाटते खरी, पण कपाटावर नुसता बसलेला असतो तेव्हा जास्त वाटते. का? कारण तो कधीही हलू शकतो हे आपल्याला माहीत असतं. न हलणं हीसुद्धा त्याची चालच असते.

आणि थांबलं तरी श्वास चालू राहतो. मघाशी टॉवेलचा श्वास तुम्ही बघितलात. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००७ साली 'वॉर हॉर्स' केलं. त्यातले घोडे दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग या बाहुली-नाट्य मंडळीने बनवले. घोड्यागणिक तीन माणसं, तीही प्रेक्षकांना उघड दिसणारी. घोडा उभा असतो तेव्हाही ती तीन माणसं त्याचा श्वास चालू ठेवतात. पोट फुगतं, कान टवकारतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. थोड्या वेळाने ती माणसं प्रेक्षकांना दिसेनाशी होतात. त्यांना लपवणारं काहीच नसतं. घोडा श्वास घेतो आहे, म्हणून ती दिसत नाहीत.

परदेशाची उदाहरणं खूप झाली. आता आपल्या घरी येऊ, आणि इथे जरा रेंगाळू.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजातल्या कलावंतांनी तीन खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या. आपण या तिन्हींची नावं एका दमात घेतो, लोककला म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र हे तीन खेळ एका ओळीत ठेवले की हालचालीचं अख्खं शास्त्र समोर मांडल्यासारखं वाटतं.

चित्रकथीत चित्र हलतच नाही. कागदावर रंगवलेले राम-रावण समोर धरायचे, आख्यान सांगायचं, गायचं, आणि प्रसंग सरला की पुढचं चित्र धरायचं. बाण सुटतो कुठे? सांगणाऱ्याच्या आवाजात. चित्रातला रथ उभाच असतो, पण गाण्याची चाल जलद झाली की तो धावू लागतो. बघा, इथे चाल या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. पाय नाहीत, दोरी नाही, सांधा नाही. सुराची चाल चित्राला पायाची चाल देते.

चामड्याची बाहुली एक पाऊल पुढे जाते. ती सपाट आहे, पण पडदा आणि दिवा यांच्यामधे तिला जागा मिळाली. पडद्याला चिकटवून धरली की रेघ न् रेघ स्पष्ट दिसते. दिव्याकडे मागे ओढली की मोठी होते, विरघळते, राक्षसाला हे फार शोभतं. चालवणाऱ्याचा हात वीतभर मागे येतो आणि पडद्यावर एक प्रचंड आकृती पसरते. आणि दिवा तेलाचा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ज्योत थरथरते, तिच्याबरोबर पडद्यावरच्या सगळ्या आकृत्या थरथरतात. कुणीही हात लावलेला नाही आणि सगळी सेना श्वास घेते आहे! विजेचा दिवा आला, उजेड वाढला, रंग खुलले. तो श्वास मात्र गेला. सोय होते तेव्हा काय जातं, याचा हिशेब आपण सहसा करत नाही. तो करायला हवा, असं मला वाटतं.

आणि कळसूत्री बाहुली. तिला जाडी मिळाली, वजन मिळालं. ती आता खरोखर जमिनीवर उभी राहते, म्हणून ती पडूही शकते. चित्र पडत नाही, सावलीचा तोल जात नाही. पडण्याची शक्यता आली तिथे नाट्य आलं.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. तिथे जुन्या पोथ्यांमधली चित्रं आहेत, बाहुल्या आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या चालवणारे हात त्याच अंगणात आहेत. घरातली पुढची पिढी खेळ करते.

दुसरा धागा तर आपल्या सोलापूरच्या वेशीवरूनच जातो. कर्नाटकात किळ्ळेक्यात समाज 'तोगलु गोंबेयाटा' हा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतो. आंध्रात त्याला 'तोलु बोम्मलाटा' म्हणतात. खेळ कन्नडमध्ये चालतो, तेलुगूमध्ये चालतो. पण यातली अनेक घराणी आपसात, चुलीपाशी, मराठीचीच एक बोली बोलतात. विचार करा, कितीक पिढ्यांपूर्वी ही माणसं बाहुल्यांची पेटारी घेऊन दक्षिणेत उतरली, राजे बदलले, प्रेक्षकांची भाषा बदलली, आणि घरातली मराठी टिकली. कोप्पळ जिल्ह्यात हाच खेळ करणाऱ्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. कन्नड, तेलुगू, मराठी तिन्ही भाषा रस्त्यावर ऐकू येणाऱ्या सोलापूरला हे नातं आपलं वाटायला हवं. तोलु बोम्मलाटाच्या बाहुल्या माणसाच्या उंचीच्या असतात, खांदे, कोपर, कंबर, गुडघे सांध्यांनी जोडलेले. पडद्यामागचा माणूस बसून काठ्या हलवत नाही, तो स्वतः नाचतो, पायाखालच्या फळीवर पाय आपटतो. भीम चालला की फळी धडधडते. प्रेक्षकाला वाटतं, चामड्याला वजन आलं. वजन त्या माणसाच्या टाचेचं असतं.

आता एक दुखरी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात गेलो होतो. काचेच्या कपाटात एक सुंदर दोरीची बाहुली खिळ्याला टांगलेली. दोऱ्या गुंडाळून मानेमागे गाठ मारलेल्या. शेजारी पाटी, लाकूड कोणतं, उंची किती, रंग कोणता. दोरी कोणत्या बोटाला, हे नव्हतं. आधी कंबर हलायची की मान, हे नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. गळ्याभोवती स्वतःच्याच दोऱ्या आवळलेली ती बाहुली बघवत नव्हती.

सांगलीला १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या आणि त्यांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. शंभर वर्षांहून जुनं लाकूड हातात येतं तेव्हा काय काय शोधावं लागत असेल, कल्पना करा. हे भोक कुठल्या दोरीचं? हा सांधा किती वळायचा? ही सीता लाजायची कशी?

तुमच्या गावात जॅकार्डच्या मागावर चादर विणतात. वरून दोऱ्यांचा झुबका उतरलेला असतो. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडलेली असतात, भोकाप्रमाणे हूक वर जातो, दोरी ताणली जाते, नेमके ताण्याचे धागे उचलले जातात आणि चादरीवर मोर उमटतो. मला तो माग नेहमी एका भल्यामोठ्या कळसूत्री खेळासारखा दिसतो. आणि त्याचं एक भाग्य आहे. पत्ते जपून ठेवले तर आजोबांच्या वेळचा मोर नातवाला पुन्हा विणता येतो. बाहुलीच्या चालीला असे पत्ते नाहीत. ती बापाच्या मनगटातून मुलाच्या मनगटात जाते, नाहीतर जातच नाही. बाप मुलाच्या हातावर हात ठेवतो, दोघांच्या चार बोटांत मिळून एक दोरी असते, आणि काही दिवसांनी बाप आपला हात अलगद काढून घेतो. असंच शिकवतात.

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते अगदी साधं आहे. आपण या खेळांचं चित्रीकरण करतो तेव्हा कॅमेरा प्रेक्षकांच्या बाजूला लावतो. तो पडद्यामागे न्या. बोटांवर लावा, टाचांवर लावा. कलावंताला सन्मानाने, पुरेसं मानधन देऊन बसवा आणि विचारा: इथे का थांबलात? इथे दोरी का सोडलीत? महाविद्यालयांतल्या नाट्यशास्त्राच्या मुलांना महिनाभर पिंगुळीला पाठवा. नटाने आधी बाहुली चालवावी, म्हणजे स्वतःच्या हाताचं काय करायचं हे त्याला उमगेल. शाळेत बाहुल्या करताना आपण रंगवण्यात, टिकल्या चिकटवण्यात तीन तास घालवतो आणि घंटा वाजायला आली की पाच मिनिटं 'आता नाचवा' म्हणतो. हे उलटं करा. टॉवेल घ्या, रुमाल घ्या, गाठ मारा, आणि तीन तास नुसतं तिला चालायला शिकवा.

वेळ झाली, अध्यक्षमहोदयांनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलं. हे पिल्लू अजून माझ्या हातावर झोपलेलंच आहे. मघाशी ज्या मुलीने त्याला ओळखलं, तिने जरा पुढे यावं. ये, घाबरू नकोस. ही दोन बोटं मानेखाली ठेव, अशी. अंगठा मोकळा सोड. त्याला लगेच उठवू नकोस. आधी श्वास घेऊ दे. आता डोकं वर... थोडंसं... थांब. त्याला तुझ्याकडे बघू दे.